एकसष्टावं पाऊल

बिलामोरेल, २१ एप्रिल १९६३

प्रिय नर्सीस,

नाताळ नाही, नवं वर्ष नाही, आणि तरी माझं पत्र आलं म्हणून तू आधी दचकशील. तेव्हा सांगून टाकते, कुणी मेलेलं नाही. निदान नव्याने तरी नाही.

वर्षातून एकदा तुझं ते डावखुरं, मागे रेललेलं अक्षर पाहते आणि शाळेत गुरुजींनी तुझ्या डाव्या हातावर ओढलेल्या छड्या आठवतात. हात काही सुधारला नाही, माणूस सुधारला असेल अशी आशा आहे. कारण आज तुझ्याकडे काम आहे.

पाववाला बल्दिरी तुला आठवत असेल. बायको जाऊन चार वर्षं झाली त्याला. फेब्रुवारीत त्याने मला मागणी घातली, तीही भर दुकानात, तीन बायका रांगेत उभ्या असताना. म्हणाला, "रमेई, तुझ्या घरी एकटीची चूल, माझ्या घरी एकट्याची भट्टी. सरपण किती वाया जातंय, बघ तरी!" बायका फिदीफिदी हसल्या. मी पाव घेतला, घरी आले, दोन दिवस दोराच्या चपला शिवत बसले आणि तिसऱ्या दिवशी हो सांगून आले. एकोणपन्नासाव्या वर्षी लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. मला घरात कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज हवा आहे, नर्सीस. इतकंच.

पण पाद्रीबाबा म्हणतात, किर्झे मेल्याचा कागद आण. चोवीस वर्षं झाली तरी कागदावर मी त्याची बायको आहे. ना धड नवऱ्याची, ना धड विधवा. युद्ध हरल्यावर फ्रान्सकडे पळताना, डोंगर ओलांडताना शेवटपर्यंत त्याच्याबरोबर तू होतास, त्याचा सख्खा चुलतभाऊ. "मी त्याला मेलेलं पाहिलं", एवढं एक वाक्य शपथेवर लिहून पाठव. मला मोकळं कर.

दुसरी गोष्ट आनंदाची. कॅफेचं छप्पर बदललं, तेव्हा माळ्यावर तुमच्या जुन्या कोब्लाची, त्या अकरा वाजंत्र्यांच्या ताफ्याची, ट्रंक सापडली. उंदरांनी निम्मी खाल्ली आहे. तळाशी किर्झेच्या हातचे दहा वाद्यांचे कागद निघाले, हात धरून फेरात नाचायच्या आपल्या एका सार्दानाचे. अकरावा, त्याच्या स्वतःच्या फ्लाबियोलचा, त्या एका हाताने वाजवायच्या बासरीचा, तेवढा नाही. वर नाव नाही, फक्त लिहिलंय, "रमेईला. मोजून दाखव." कोड्याची सार्दाना आहे रे, नुसतं ऐकून पावलं मोजायची! आपल्या फेरात मोजणारी मी, आणि आखूड पावलं किती, लांब किती यात त्याला मला कधीच चकवता आलं नाही म्हणून तो चिडायचा. चोवीस वर्षांनी पुन्हा डिवचतोय बघ. जूनमध्ये शेजारच्या गावचा कोब्ला चौकात वाजवणार आहे.

भाची फिना म्हणते, "मावशी, सार्दाना म्हाताऱ्यांची झाली." ती हल्ली गिटार घेऊन आपल्याच भाषेत स्वतः रचलेली गाणी म्हणते. मी सांगितलं, हीच सार्दाना एकेकाळी नवी होती, माझी आजी सांगायची. तिच्या लहानपणी सार्दाना आखूड होती. ती लांबवली आणि त्यात तुमची ती सनईसारखी किंचाळणारी तेनोरा घुसवली, तेव्हा म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले होते.

उत्तर लवकर दे.

तुझी वहिनी,
रमेई

* * *

सेरेत, ९ मे १९६३

प्रिय रमेई वहिनी,

पत्र मिळालं. पाकीट नेहमीप्रमाणे आधी दुसऱ्या कुणीतरी वाचून परत चिकटवलेलं होतं, त्यांनाही माझा नमस्कार.

बल्दिरीबद्दल अभिनंदन. माणूस चांगला आहे, फक्त त्याला फेरात आपला उजवा पाय कोणता हेही ठाऊक नसायचं. त्याच्याबरोबर नाचायचं असेल तर तुझ्याच चपलांचा जाड जोड घाल.

मी बरा आहे. बुचांच्या कारखान्यात नेहमीचं काम. कनिगो डोंगर इथून फ्रान्समधूनही दिसतो, पण पाठीकडून. रविवारी इथल्या कोब्लात तेनोरा वाजवतो. नाचत नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगतो.

आता तुझ्या कामाचं. वहिनी, शपथेवर खोटं कसं लिहू? मी त्याला मेलेलं पाहिलं नाही. मागेही लिहिलं होतं, बर्फ होता, धुकं होतं. तो माझ्या मागे होता, मग नव्हता. याच्यापुढे मला काही माहीत नाही. पाद्रीबाबांना सांग, चोवीस वर्षं हाच पुरावा समजा.

आणि एक ऐक. ती सार्दाना वाजवू नका. कागद जपून ठेव, हवं तर चौकटीत लाव, पण वाजवू नका. अर्धवट राहिलेली वस्तू आहे ती. फ्लाबियोलचा कागद शोधण्यातही वेळ घालवू नकोस, तो त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. फ्लाबियोलशिवाय सार्दाना सुरू तरी कशी होणार? आणि या वयात कोडी सोडवून काय मिळणार आहे? बल्दिरीशी लग्न कर, काहीतरी मार्ग निघेलच.

तुझा,
नर्सीस

* * *

बिलामोरेल, १८ जून १९६३

नर्सीस,

"प्रिय" लिहिलेलं नाही. पत्र वाचून झालं की कळेल का ते.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ही तुझी जुनी खोड. फ्लाबियोलचा कागद त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, हे तुला कसं माहीत? चोवीस वर्षं विचारतेय, तर धुकं, बर्फ आणि "मला काही माहीत नाही". आणि आता एकदम आतला खिसा!

परवा रविवारी, प्रार्थनेनंतर, भर बारा वाजता चौकात ती सार्दाना वाजली. ऊन असं की दगडांवर अंडं तळावं. दोघे शिपाई कमानीखाली टोप्या मागे सारून उभे. कोब्लाचा फ्लाबियोलवाला म्हणाला, "कागद नाही तर मी नेहमीची सुरुवात वाजवतो, बाई." त्याने ती वाजवली आणि आम्ही फेर धरला. बाराजण होतो. माझ्या उजवीकडे शिंपी, डावीकडे फिना. चोवीस वर्षं माझ्या डावीकडे मी कुठल्याही पुरुषाला उभं राहू दिलेलं नाही, हे गावाला माहीत आहे. पुरुषाच्या उजव्या हाताला त्याची बायको, हा आपला नियम, आणि माझ्या डावीकडची जागा किर्झेची.

कोडं अवघड होतं. लबाडाने मध्येच सूर असा फिरवला आहे की पाऊल हवेत लोंबकळावं. पण मी सोडवलं. आखूड एकोणतीस, लांब सत्त्याहत्तर. मी फेराला हळूच सांगितलं आणि सगळ्यांची पावलं बरोबर पडली. मग शेवटच्या फेऱ्यांआधीचं थांबणं आलं. सगळे स्तब्ध, हात खाली पण धरलेलेच, आणि एकट्या फ्लाबियोलची हाक. त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की डाव्या हातातला हात फिनाचा नाही.

मोठा हात होता. थंड. जूनच्या उन्हात, रे, विहिरीतून काढल्यासारखा थंड. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. बासरीबरोबर उजव्या हाताने तो छोटी ढोलकी वाजवायचा, त्या काडीचा घट्टा मी दहा वर्षं हातात धरून नाचले आहे, तो मला ओळखता येणार नाही?

मान वळवली नाही. वळवली तर मोजणी सुटते हे एक, आणि खरं सांगायचं तर धीर झाला नाही. शेवटची फेरी सुरू झाली. मी मोजत होते. एकसष्टाव्या पावलाला तो हात सुटला. घसरला नाही, सुटला, कुणी सोडल्यासारखा. मी पाहिलं तर फिना माझ्यापासून हातभर लांब, तिचा हात तसाच हवेत. आयुष्यात पहिल्यांदा माझी मोजणी चुकली.

नंतर फिना म्हणाली, "मावशी, आपल्या मध्ये शिरले होते ते काका कोण? हात किती गार त्यांचा! मी पावलं बघत होते, तोंड नाही पाहिलं."

मला सगळं कळलंय, नर्सीस. तो जिवंत आहे. तिकडे तुमच्याकडे आहे, कुणी फ्रेंच बाई असेल, पोरंही असतील आणि तू चोवीस वर्षं त्याच्यावर पांघरूण घालतोयस. म्हणून शपथेवर लिहीत नाहीस. माझ्या लग्नाचं तुझ्याकडून कळलं आणि हा चोरासारखा सरहद्द ओलांडून आला. फेरात कुणीही शिरतं, कुणी नाव विचारत नाही, हे त्याला पक्कं माहीत. हात दिला आणि गर्दीत पसार झाला. मी दुपारभर गाव पालथं घातलं. बसवाल्याला विचारलं, धर्मशाळेत विचारलं. लोक हसले मला.

त्याला सांग, यायचं तर दारातून ये. नाहीतर मर एकदाचा, आणि मला कागद दे.

रमेई

* * *

सेरेत, २ जुलै १९६३

वहिनी,

तो इथे नाही. माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो, इथे कुणी नाही, फ्रेंच बाई नाही, काही नाही.

एकच विचारतो. कितव्या पावलाला म्हणालीस? तुझ्या पत्रात एकसष्ट लिहिलंय. घाईत चुकून तर लिहिलं नाहीस? नीट आठवून पुन्हा लिही.

ती सार्दाना परत वाजवू नका. हात जोडतो.

नर्सीस

* * *

बिलामोरेल, ६ ऑगस्ट १९६३

प्रिय नर्सीस,

तुझं चार ओळींचं पत्र मी दहा वेळा वाचलं. चोवीस वर्षांत तू मला एकही प्रश्न विचारला नव्हतास. पहिलाच विचारलास तो पावलाचा. तेव्हा सांगते, चुकून लिहिलेलं नाही. एकसष्ट. आणि आता पुन्हा एकसष्ट.

होय, पुन्हा वाजवली. परवा गावच्या जत्रेत, दुपारी पाचला. मी नको म्हटलं होतं, पण लोकांनाच चटक लागली आहे. किर्झेचं कोडं, किर्झेचं कोडं, असं चाललंय. मनातल्या मनात मलाही हवंच होतं, खोटं कशाला बोलू? तो आला तर या वेळी मनगट धरून ठेवायचं ठरवलं होतं मी.

झालं ते वेगळंच. बल्दिरीने आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, "रमेई, उद्या मी तुझ्या डावीकडे उभा राहणार. गावाला दिसू दे." मी म्हटलं, "कागद येऊ दे." तो म्हणाला, "कागद येईपर्यंत आपण दोघं कबरीत असू, बाई." जेवणानंतर साखर घालून जाळलेली गरम रम पिऊन झाली होती, माझ्या काकाने क्यूबाहून आणलेली ती खलाशांची गाणी म्हणून झाली होती, गडी रंगात होता. पहिल्या लांब फेरीच्या सुरुवातीला तो आला आणि माझ्या आणि फिनाच्या मध्ये शिरला. त्याचं काय चुकलं सांग? दोन बायकांच्या मधली जागा कुणाची नसते, तिथे कुणीही शिरावं. पुरुष आणि त्याच्या उजवीकडची बाई यांच्यामध्ये तेवढं शिरू नये, ते लहान पोरालाही कळतं. आणि बल्दिरी बिचारा नेमका तिथेच शिरला. त्याला काय ठाऊक की फेरात बारा नाहीत, तेरा आहेत?

तो माझा डावा हात धरून होता. गरम, पिठाळ हात. बरं वाटत होतं मला. मग ते थांबणं आलं आणि तो एकदम माझ्याकडे सरकला. मी हळूच विचारलं, "काय झालं?" तो दातांतून म्हणाला, "माझ्या डावीकडे कोण आहे?" मी म्हटलं, "फिना." तो म्हणाला, "ही फिना नव्हे."

शेवटच्या फेरीत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. एकसष्टावर तो मटकन खाली बसला. त्याची डावी बोटं निळी पडली होती. भट्टीत हात घालणारा माणूस, नर्सीस, आणि आज तिसरा दिवस आहे, त्याला कणीक मळता येत नाही. मी भेटायला गेले तर दार अर्धवटच उघडून म्हणाला, "रमेई, माझं मन बदललेलं नाही. पण आधी तुझ्या नवऱ्याशी काय ते मिटव. मी थांबतो. मला फक्त माझे हात हवेत."

आणखी एक. कोब्लाचा फ्लाबियोलवाला वाद्य पुसत बसला होता. मी विचारलं, "कागदाशिवाय मधली हाक इतकी नेमकी कशी वाजवलीत?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, मी दोन्ही वेळा ओठाला लावायच्या आतच ती वाजली. मला वाटलं तुमच्या गावचा कुणी हौशी मागे उभा आहे."

तो जिवंत आहे असं आता मला वाटत नाही. जिवंत माणूस माझ्या दारातून आला असता, भांडला असता. मागच्या पत्रात तुला जे बोलले ते मागे घेते. पण मला झोप नाही. हात सुटतो ना, तेव्हा जे वाटतं ते भयंकर आहे. तो जात नाही, त्याला कुणी टाकून देतं असं वाटतं.

एकसष्टाव्या पावलाला काय झालं, नर्सीस? तुला माहीत आहे. मी बायको की विधवा, हे तुझ्याजवळ अडकलं आहे. सांगून टाक. टपालाने नको. फिना महिनाअखेर तिकडे फ्रान्समध्ये, पर्पिन्याला, गाणी म्हणायला येते आहे, तिच्या हाती दे.

तुझी,
रमेई

* * *

सेरेत, २५ ऑगस्ट १९६३

प्रिय वहिनी,

हे फिनाच्या हाती देतोय. पोरगी बाहेर माझ्या ओट्यावर गिटार लावत बसली आहे आणि मी आत तिसरा कागद फाडून चौथा घेतला आहे.

८ फेब्रुवारी १९३९. कोब्लातले आम्ही सहाजण उरलो होतो. वाट सुटू नये म्हणून हात धरून एका ओळीत चाललो होतो. सगळ्यात मागे किर्झे, कारण त्याचा आवाज मोठा. त्याच्या पुढे मी. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. माझ्या उजव्या हातात तेनोराची पेटी, म्हणून पुढच्याची मी फक्त पाठ बघत चाललो होतो.

झोप येऊ नये म्हणून तो मोजत होता. एकोणतीस आखूड पावलं, मग श्वास. सत्त्याहत्तर लांब, मग श्वास. मी विचारलं, "ही कुठली सार्दाना?" तो म्हणाला, "रमेईसाठी रचली आहे. माळ्यावर ठेवून आलोय. माझा कागद तेवढा बरोबर घेतला, नाहीतर ती माझ्याशिवाय वाजवून घेईल." आणि हसून कोटावर थाप मारली. आतला खिसा मला असा माहीत.

म्हणजे आकडे मला समजतात. ते त्याने आधीच लिहिले होते, तू ते शोधलेस, त्यात नवल नाही. पण एकसष्ट कुठल्याच कागदावर नाही, वहिनी. एकसष्ट जगात फक्त मला माहीत होतं.

उतार होता. एका बाजूला घळ. लांब पावलांची फेरी चालू होती. त्याने "एकसष्ट" म्हटलं आणि माझा पाय घसरला. पेटी दगडावर आपटली, तिचा खटका उघडला, आतलं लाकूड वाजलेलं मी ऐकलं. आणि मी दोन्ही हातांनी पेटी धरली.

दोन्ही हातांनी. कळलं ना? हात सुटला नाही. मी सोडला. लाकडासाठी.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मोजत राहिला. त्याला वाटलं असेल, मी आहेच पुढे. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. आवाज बाजूला जात गेला, मग खाली. मी उभा होतो, पेटी छातीशी धरून. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सत्त्याहत्तरपर्यंत मी ऐकलं. त्यानंतर तो श्वास घ्यायला थांबायचा. पुन्हा मोजायला लागला नाही.

सकाळी आम्ही मागे जाऊन शोधलं. बर्फ सपाट होता.

"मी त्याला मेलेलं पाहिलं नाही." चोवीस वर्षं मी हे लिहीत आलो आणि ते खरं आहे. खऱ्याआड लपणारा माणूस खोटं बोलणाऱ्यापेक्षा भित्रा असतो. या डाव्या हाताने तुला दर नाताळला शुभेच्छा लिहिल्या, त्याच हाताने.

सोबत शपथेचा कागद आहे. त्यात मी लिहिलंय की तो मेला तेव्हा मी ऐकत होतो. चालला तर चालव. मला क्षमा मागता येत नाही, म्हणून मागत नाही.

नर्सीस

* * *

बिलामोरेल, १५ सप्टेंबर १९६३

नर्सीस,

तुझं पत्र वाचून मी तुला इतक्या शिव्या घातल्या की शेजारीण धावत आली. मग रडले. दोन आठवडे चपलेच्या एका टाक्यालाही हात लावला नाही.

मी तुला क्षमा केलेली नाही. ते देवाचं काम आहे, आणि त्याच्याकडेही कामं फार तुंबली आहेत. पण एक सांगते. तू लाकडासाठी हात सोडलास. किर्झे असता तर म्हणाला असता, "नर्सीस, तेनोरा वाचली का रे?" आधी हेच विचारलं असतं त्याने, माझ्या आधी. मला त्याचा तेवढ्यासाठी राग यायचा, आजही येतो.

कागद पाद्रीबाबांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि चालेल म्हणाले. मी विधवा झाले. शब्द ऐकून मी तिथल्याच बाकावर बसले. इतकी वर्षं मागितला होता, तरीही.

आज दुपारी मी शेवटची म्हणून ती सार्दाना वाजवायला लावली. बल्दिरी लांब, कॅफेच्या दारात उभा होता, दोन्ही हात बगलेत घालून. फिना माझ्या डावीकडे. तो आला. पहिल्या आखूड पावलांपासूनच होता. थांबणं आलं, हात खाली, सगळा चौक गप्प. मी मान न वळवता बोलले. म्हटलं, "किर्झे, मोजून दाखवलं. एकोणतीस आणि सत्त्याहत्तर. तुझी बायको हरली नाही. पण तू चुकीच्या माणसाचा हात धरतोयस. मी तुझा हात सोडला नव्हता. ज्याने सोडला तो डोंगरापलीकडे आहे. त्याच्याकडे जा."

हाताने माझी बोटं एकदा दाबली, काडी हातात घेण्याआधी तो दाबायचा तशी. मग फ्लाबियोलची हाक वाजली आणि हातात फिनाचा हात होता, घामेजलेला, साधा, गरम. शेवटची सत्त्याहत्तर पावलं मी पूर्ण नाचले. एकसष्ट आलं आणि गेलं. ऊन तसंच होतं.

तेव्हा तो इथे नाही, नर्सीस. निघाला आहे.

सोबत दहा कागद पाठवते आहे आणि दोराच्या चपलांचा जोड, एक्केचाळीस नंबर, फिती काळ्या. तुझ्याजवळ नसणार हे मला माहीत आहे. कागद तुमच्या कोब्लाला दे. तेनोरा दुसऱ्या कुणाला वाजवायला सांग, ती चोवीस वर्षं वाचली आहे, एक दुपार तुझ्यावाचून मरत नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. फेरात उभा राहा, डावीकडे बाई असली तरी चालेल, तो जागा करून घेईल.

हात फार थंड आहे, आधीच सांगून ठेवते. या वेळी सोडू नकोस.

लग्न बारा ऑक्टोबरला. बल्दिरीला आता कणीक मळता येते.

रमेई

* * *

(कार्ड)

सेरेत, ३० सप्टेंबर १९६३

प्रिय वहिनी,

काल दुपारी नाचलो. चपला बरोबर बसल्या.

तो आला. एकसष्टपर्यंत मी मोजलं. पुढचे सोळा त्याने मोजले, मोठ्याने. सगळ्या चौकाने ऐकलं.

हात सोडला नाही. अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. उजव्या हाताने लिहितोय. डावा अजून मोकळा झालेला नाही.

नर्सीस